पोहता न येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला बेटावर स्नॉर्केलिंगला न्यावं का?

न्या, पण थेट बोटीवरून खोल पाण्यात नको. लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याजवळ तिच्या कमरेएवढ्या पाण्यात आधी स्नॉर्केलच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा सराव होऊ द्या; मुलं घाबरतात ती इथेच.

मास्क मात्र नीट निवडा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर धरून नाकाने श्वास आत ओढायला सांगा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेत केस अडकले की पाणी शिरणारच. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची (ऐकायला घाण वाटतं, पण उपयोग होतो).

पाठ उन्हात भाजते, तेव्हा लांब बाह्यांचा स्विमसूट घाला. आणि मोठ्यांपैकी एकाने सतत तिच्या हाताच्या अंतरावर राहायचं. फोटो दुसरा कुणीतरी काढेल.