मांजराचा घास वाटणाच्या आधी

प्रश्न : आमच्याकडे तीन मांजरं. आमच्याच जेवणातलं खातात, आमटीभात, मटणाचा रस्सा, तळलेल्या माशाचं शेपूट. पुण्याहून लेक आली आणि म्हणाली, आई, विष घालतेस तू त्यांना, पाकिटातलंच घालायचं असतं. सासूबाई म्हणतात, सात पिढ्यांची मांजरं हेच खाऊन जगली. दोघींच्या मध्ये मी. कोणाचं खरं?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : लेकीचं थोडं, सासूबाईंचं थोडं. तुमचं काम मात्र वाढलं.

सासूबाईंच्या काळातलं मांजर घरात नुसतं वरकड खायचं. पोटाचं खरं बघायचं ते माळ्यावर, पडवीत आणि गवताच्या उडवीखाली. उंदीर, पाल, टोळ. उंदीर म्हणजे मांजराचं भरलेलं ताट. मांस आहे, काळीज आहे, रक्त आहे आणि कॅल्शियमसाठी हाडंही आहेत. तुमची तीन मांजरं, माझा अंदाज, सोफ्यावर झोपतात आणि उंदरांसाठी घरात वेगळा पिंजरा आहे. म्हणजे पूर्वी जे तोंडी लावणं होतं, तेच आता अख्खं जेवण झालंय. आमटीभातावर माणूस जगतो, मांजर नाही. त्याला मांस लागतंच.

आता विषाबद्दल. तुमच्या यादीतला आमटीभात निकस आहे, शेपटाचा काटा त्रासदायक आहे, आणि मटणाचा रस्सा खरोखरच घातक आहे. मटणामुळे नाही, वाटणामुळे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्यापेक्षा, कुत्र्यापेक्षाही मांजराचं रक्त याबाबतीत नाजूक. दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्त बिघडायला पुरतो. ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाव कांदा. लसूण तर वजनाला वजन कांद्याहून जालीम. आणि भाजला, तळला, शिजवला, सुकवून पूड केली, तरी हा गुण जात नाही. किलोभर सागोतीच्या वाटणात किती कांदे भाजता ते आठवा, आणि मग तो दाट रस्सा मांजराच्या भाताला चोळलेला डोळ्यांपुढे आणा.

दोन वर्षांपूर्वी एक आजोबा बोक्याला मासळीच्या टोपलीत घालून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. बोका एरवी दांडगा, त्या दिवशी टोपलीतून मान काढायला तयार नाही. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी हव्यात, त्या भिजवलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या होत्या. टोपलीतल्या गोणपाटावर मुतला होता त्याचा रंग कोकमाच्या आगळासारखा. मी विचारलं, कांदा खाल्ला का? आजोबा माझ्यावरच उखडले. "आमी कांदो दिलोच नाय! मांजर कांदो खाता काय?" बरोबर आहे, कांदा म्हणून कोणी देत नाही. घरात रविवारी पाहुणे होते, सोमवारी-मंगळवारी उरलेली सागोती बोक्याला. माझ्याकडे आले शुक्रवारी. कांद्याचं हेच वाईट, खाल्ल्यावर दोन-चार दिवसांनी लक्षणं दिसतात, तोवर रविवारचं जेवण कोणाच्या ध्यानातही नसतं. बोका वाचला, पण पंधरा दिवस गेले.

तेव्हा घरातलं घाला, पण वाटण लागायच्या आधी बाजूला काढून. मटणाला आलं-लसूण चोळण्यापूर्वी दोन तुकडे छोट्या पातेलीत. मासा धुऊन झाला की मीठ-मसाला लावायच्या आधी मांजराचा वाटा वेगळा. नुसत्या पाण्यात उकडा आणि ते पाणीही त्यालाच द्या, टाकू नका. मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरीन नावाचं द्रव्य पाण्यात उतरतं, ते मोरीत कशाला घालवायचं? सोबत चमचाभर भात चालेल. भाताला मासा लावायचा नाही, माशाला भात लावायचा.

आणि लेकीचं पाकीट? एक वेळ तेही ठेवा. पाकिटातलं खाणं सगळी द्रव्यं मोजून केलेलं असतं, घरचं उकडलेलं मांस तसं नसतं. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी. त्यावरच वाढवलेल्या पिल्लांची हाडं इतकी ठिसूळ होतात की कपाटावरून उडी मारली तरी मोडतात.


प्रश्न : माझे यजमान होडीवर जातात. मासळी घरचीच. डोकी, आतडी, बारीक पेडवे मांजरांना कच्चेच टाकते. शेजारीण म्हणते, उकडून घाल. मांजर कधी चूल पेटवतं का?
(एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : चूल पेटवत नाही, तसं समुद्रातही उतरत नाही. मासा हे त्याचं मूळचं अन्न नव्हेच. आपण किनाऱ्यावर राहतो म्हणून आपल्याला तसं वाटतं.

शेजारणीचं ऐका. काही कच्च्या माशांत एक पाचक द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व खाऊन टाकतं. एखाद्या दिवशी काही होत नाही. महिनोन्महिने तेच घातलं की एक दिवस मांजराची मान खाली लोंबते, हनुवटी छातीला टेकते, चालताना झोक जातो, पुढे झटकेही येतात. लोक म्हणतात, कोणीतरी काठी मारली असणार. वेळेत बी-१ चं इंजेक्शन मिळालं तर बहुधा एक-दोन दिवसांत मान वर येते, आणि घरच्यांना मी मोठी जादूगार वाटते. जादू कसली, उकळी आली की ते द्रव्य निकामी होतं, एवढीच गोष्ट.

पेडवे, तारली असले तेलकट मासे रोजच्या रोज हेच जेवण नको. त्यानं अंगातली चरबी पिवळी पडून सुजते आणि मांजराला पाठीवर हात फिरवलेलाही सोसत नाही. गोंजारायला गेल्यावर फिसकारणारं मांजर दरवेळी रागीटच असतं असं नाही.

काट्यांचं म्हणाल तर बारीक मांदेलीचा उकडून मऊ झालेला काटा जातो. जाड काटा टाळ्याला आडवा अडकतो. मांजर पंजानं तोंड ओरबाडत बसलं, लाळ गळत असली, भूक असून ताटलीपाशी येऊन मागे फिरत असलं की टॉर्च घेऊन तोंडात बघा. कोंबडीचं शिजवलेलं हाड तर मुळीच नको, ते मोडताना धारदार फुटतं.

होडीवाल्या घरांना दोन गोष्टी मुद्दाम सांगायच्या आहेत. पहिली तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. माशाच्या वासाची तंगूस मांजर शेवयांसारखी गिळतं. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि ओढलं की आतून चिरतं. आहे तसं मांजर उचला आणि डॉक्टर गाठा.

दुसरी गोष्ट केंड. जाळ्यात आलेला केंड किनाऱ्यावर फेकून देतात. पोट फुगवून पडलेल्या त्या माशात, खास करून काळजात आणि गाभोळीत, जे विष असतं ते शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. अंग लुळं पडत श्वास थांबतो. केंड जाळ्यातून काढलात की वाळूवर टाकू नका, पुरा.


प्रश्न : १ जूनपासून मासेमारी बंद. पावसाळाभर सुकी सुंगटं, जवळा, बोंबील यावरच मांजर ठेवलं तर चालेल?
(एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : चव म्हणून चालेल, जेवण म्हणून नाही. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ बेसुमार. आणि मांजर मुळात पाणी कमी पिणारं. बोंबील भिजवून, दोनदा पाणी बदलून, उकडून, चिमूटभर द्या. (सोडे मांजराला घालणारं घर मी अजून पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही.) बंदीत उकडलेली कोंबडी आणि उकडलेलं अंडं घाला. काळीज, म्हणजे कलेजी, आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढं. रोज काळीज घातलं तर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जखडतात.

बोका असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मातीत पुन्हापुन्हा बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, हे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवीची वाट तुंबलेली असते. दुसऱ्या दिवसाची वाट पाहिलीत तर बोका हातचा जाईल. सुकं खाणं आणि कमी पाणी यानं याला निमंत्रण मिळतं, म्हणून पाण्याच्या वाट्या घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा.


प्रश्न : आम्ही श्रावण कडक पाळतो, अंडंसुद्धा घरात येत नाही. महिनाभर मांजराला दूधभात आणि तूपपोळी घालतो. ते खातंही. दोष काय?
(एक वाचक, राजापूर)

उत्तर : खातं कारण दुसरं काही नाही. तुमच्या व्रताचा मान ठेवून सांगते, श्रावण मांजराला लागू नाही.

वर टॉरीन म्हटलं ते मांजर स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवू शकत नाही, आणि भातात, डाळीत, पोळीत ते नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय सैल, पातळ होऊन फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी उघड केला. गंमत अशी की ती आजारी मांजरं आमटीभात खाणारी नव्हती, नावाजलेलं विकतचं खाणं खाणारी होती! टॉरीन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली आणि त्यानंतर कंपन्यांनी पाकिटातलं प्रमाण वाढवलं. म्हणजे पाकीट म्हणजे वेद, असंही समजू नका. पण आज श्रावणात तुमच्यासाठी सोयीचं तेच आहे. मांजराचं पाकीट आणा, कुत्र्याचं नको, कुत्र्याच्या खाण्यात मांजराची गरज भागत नाही. पडवीत ताटली ठेवा, चमचा वेगळा ठेवा. देवघराला त्याचा वासही लागणार नाही.

दुधाचं काय? मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागतात. आवडतं म्हणजे पचतं असं नाही. हे माझ्या नवऱ्यालाही लागू आहे.

पाकीट हुंगून मांजर तोंड फिरवेल. तेव्हा "भूक लागली की खाईल मुकाट" असा हट्ट धरू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि कावीळ होते. आषाढातच जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळायला लागा.


प्रश्न : आमचं मांजर हापूसची कोय चाटतं. इतकं गोड कसं आवडतं त्याला? अपाय होईल का?
(इयत्ता सातवी, रत्नागिरी)

उत्तर : त्याला गोड कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक जनुक मांजरांत मोडलेला आहे, हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही तेच आढळलं. तुझ्या मांजराला वास आवडत असेल, किंवा तुझ्या हातातलं हवं असेल. रस चाटू दे, कोय मात्र काढून घे. चॉकलेट आणि मनुका अजिबात द्यायच्या नाहीत.


प्रश्न : मांजर गरम लागत होतं, खात नव्हतं. घरात तापाची गोळी होती, पॅरासिटामॉल, त्यातली पाव द्यावी का? शेजारी म्हणाले, "मांजर ता, तेका काय होतला?"
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : या वाचकांना मी पत्र मिळाल्यावर तासाभरात फोन केला. गोळी दिली नव्हती. इथे छापते ते बाकीच्यांसाठी.

देऊ नका. पाव नको, चिमूट नको, लहान मुलांचं गोड औषधही नको. ही गोळी पचवून बाहेर टाकायची जी वाट माणसाच्या यकृतात आहे, ती मांजरात जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, कधी तिच्याहून कमीही. काही तासांत हिरड्या मातकट तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते.

मला हे पुस्तकातून कळायच्या आधी कळलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीत गावी आले होते. अर्धवट शिकलेली, म्हणून घरात सगळ्यांत शहाणी. आमची सोनी पडवीत पाय पोटाशी घेऊन बसली होती, नाक गरम. आई म्हणाली, डॉक्टरांना विचारून दे. मी म्हटलं, मीच डॉक्टर होणार आहे. अर्धी गोळी गुळाच्या पाण्यात खलून चमच्यानं पाजली. संध्याकाळी तिचं तोंड बोक्यासारखं गोल झालं. तालुक्याला जाणारी शेवटची एसटी गेलेली होती. पहाटे ती माझ्या ओढणीवर गेली.

यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, माणसांच्या औषधांच्या दुकानातही मिळतो, पण किती आणि कसा द्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. चुकून गोळी गेलीच असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. मांजर पिशवीत घ्या, गोळ्यांची पट्टी सोबत घ्या, किती वाजता किती दिली ते हातावर लिहा आणि निघा. दवाखान्यात खोटं सांगू नका. मी ओरडणार नाही.