डोक्यात गाठ म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : डॉक्टर, बाबा ५८ वर्षांचे, मालवणला ट्रॉलरवर जातात. गेल्या महिन्यात पहाटे बंदरावर जाळी उतरवताना त्यांचा उजवा हात उडायला लागला, मग ते पडले, तोंडाला फेस आला, लोकांनी नाकाला कांदा लावला. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला ३ सेंटीमीटरची गाठ, नाव मेनिन्जिओमा. वाडीत सगळे म्हणतायत कॅन्सरच, डोकं उघडलं की माणूस परत येत नाही. काकी म्हणते भायरचा काय तरी आसा, आधी गाऱ्हाणा घालूया. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी श्वास घ्या. मेनिन्जिओमा मेंदूच्या आत होत नाही, मेंदूभोवती जी आवरणं असतात त्यांच्यातून होतो, आणि यातल्या १० पैकी साधारण ८ गाठी पहिल्या ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या असतात, त्याला आपण कॅन्सर म्हणत नाही. पण साधी गाठ म्हणून सोडून द्यायचं असंही नाही हां. नारळाची करवंटी बघा, ती ताणत नाही. कवटीचंही तसंच, आत जागाच नाही, त्यामुळे साधी गाठसुद्धा मेंदूला दाबते. डाव्या मेंदूवर दाब आला की उजवा हात उडतो, बाबांना नेमकं तेच झालंय. काकींना एवढंच दाखवा, डावीकडची गाठ आणि उजवा हात, यात बाहेरचं काही नाही. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, मी अडवणार नाही, पण त्यासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

छोटी, त्रास न देणारी गाठ असेल तर काही वेळा दर काही महिन्यांनी स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवतात. बाबांना फिट आलीय, म्हणून न्यूरोसर्जन बहुतेक ऑपरेशनचं बोलतील. त्यांना दोनच गोष्टी खोदून विचारा, गाठ नक्की कशाला चिकटलीय आणि पूर्ण निघेल का. काढल्यावर ती तपासायला जाते आणि पक्का ग्रेड तेव्हाच कळतो, एमआरआय फक्त अंदाज देतो. तुमच्याकडून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा जवळ पडतं, कुठेही जा, पण नुसता रिपोर्टचा कागद नको, फिल्म आणि सीडी पण पिशवीत असू दे. खर्चासाठी रेशनकार्ड, आधार घ्या आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदत करणाऱ्या माणसाला, विचारा.

फिटची गोळी एकही दिवस चुकवू नका. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, आणि त्याने शुगर वाढते म्हणून ती तपासत राहा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांनी होडीवर जायचं नाही, गाडी चालवायची नाही, विहिरीच्या काठावर एकट्याने आंघोळ नको. समुद्रावर वाढलेल्या माणसाला घरात बसवणं किती जड जातं ते मला माहितीये, पण पाण्यात फिट आली तर वाचवायला वेळच मिळत नाही. आणि परत फिट आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोचणारं लागणारं काढा, तोंडात चमचा नको, नाकाला कांदा, चप्पल काही नको, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन.

प्रश्न : आई सहा महिने पाठदुखीने हैराण आहे. आडवी झाली की जास्त दुखतं म्हणून रात्री उठून झोपाळ्यावर बसते. हल्ली चप्पल पायातून निसटते तरी तिला कळत नाही. मालिशवाल्याकडे नेऊ का? (गुहागर)

उत्तर : नाही, अजिबात नको. साधी पाठदुखी बहुतेक वेळा आडवं झाल्यावर कमी होते, तुमच्या आईची उलट वाढतेय आणि वर पावलं बधिर होतायत. चप्पल निसटलेली कळत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, पूर्ण पत्रात मला तीच ओळ जास्त महत्त्वाची वाटली. कारण डिस्क असेल, मज्जारज्जूवर दाबणारी गाठ असेल, दुसरं काही असेल, ते पूर्ण मणक्याच्या एमआरआयशिवाय कळणार नाही. मज्जारज्जूच्या बाहेरच्या बऱ्याच गाठी, उदाहरणार्थ नसेच्या आवरणातून होणारी श्वानोमा, साध्या असतात आणि पूर्ण निघतात, पण पाय गेल्यावर काढली तर ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून या आठवड्यातच दाखवा. लघवी अडली, नकळत व्हायला लागली किंवा पाय लुळे पडले तर आठवडा नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी गाडी काढा.

प्रश्न : मोबाईल उशाशी ठेवून ब्रेन ट्यूमर होतो का? मुलगा १७ वर्षांचा आहे, सकाळी डोकं दुखतं म्हणतो. (रत्नागिरी)

उत्तर : २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरी 'कदाचित कॅन्सर करू शकतात' या गटात टाकल्या, म्हणजे शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. मोबाईल लांब ठेवा, निदान झोप तरी होईल. मला काळजी सकाळच्या डोकेदुखीची आहे. सोबत उलटी होतेय का, दोन-दोन दिसतं का, चालताना तोल जातो का, अक्षर बिघडलंय का? यातलं एकही हो असेल तर चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि बाहुलीत थेंब टाकून डोळ्याचा पडदा बघायला सांगा. डोक्यातला दाब वाढला असेल तर डोळ्याच्या मागची नस सुजलेली दिसू शकते. मात्र उलट्या आणि तोल दोन्ही असतील तर तिथेही थांबू नका, सरळ सिव्हिलला जा.