बाळ काचेच्या पेटीत असताना आजीला बोलवावे का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका दांपत्याचे बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मले असून सध्या ते नवजात अतिदक्षता विभागात आहे. पुण्याहून आजीला लगेच बोलावून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. उत्तर कठोर वाटेल, पण तूर्त बोलावू नये.

इतक्या लवकर जन्मलेली बाळे साधारणपणे प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास घरी जातात, म्हणजे तुमच्यापुढे सुमारे तीन महिने आहेत. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा मात्र एका भेटीत सहसा सहा महिनेच राहू देतो. आईवडिलांना विभागात रात्री-अपरात्रीही जाता येते. आजीआजोबांच्या येण्यावर बहुतेक ठिकाणी वेळेचे आणि संख्येचे बंधन असते. आज आलेली आजी निम्मा मुक्काम तुमच्या फोनची वाट पाहत काढील आणि बाळ घरी येऊन जागरणे सुरू झाली की जेमतेम तीन महिन्यांत तिला परतावे लागेल. अपवाद दोनच: बाळंतिणीची स्वतःची प्रकृती नाजूक असेल किंवा घरात थोरले मूल असेल, तर आजीने आत्ताच यावे.

रजेचाही असाच हिशेब मांडावा लागतो. बाळ अचानक लवकर झाले की आईची प्रसूती रजा दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होते. वडिलांची दोन आठवड्यांची रजा मात्र जन्मानंतर, आणि बाळ लवकर झाले असेल तर प्रसूतीच्या मूळ तारखेपासून 52 आठवड्यांपर्यंत, एकेक आठवडा वेगळा करूनही घेता येते. शिवाय 6 एप्रिल 2025 पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये नोकरदार पालकांना 'निओनेटल केअर लीव्ह' मिळते. जन्मानंतर 28 दिवसांच्या आत दाखल झालेले बाळ सलग 7 दिवस वा अधिक रुग्णालयात राहिले, तर दर पूर्ण आठवड्यामागे एक, याप्रमाणे जास्तीत जास्त 12 आठवड्यांची ही जादा रजा असते. तिचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो, वेतनासाठी मात्र सेवाकाळाची व मिळकतीची अट आहे. आपली माणसे वरिष्ठांकडे असे काही मागायला फार संकोचतात. तो संकोच येथे सोडावा.

रुग्णालयात आपण नुसते बसून असतो, ही पालकांची खंत मात्र खरी नाही. आईला 24 तासांत 8 ते 10 वेळा, त्यात एकदा तरी रात्री, पंपाने दूध काढावे लागते, आणि तेवढ्यानेच दिवस भरून जातो. सुरुवातीला चीकदुधाचे चार थेंब आले तरी ते परिचारिकेकडे द्यावेत; नळीने दूध सुरू होण्याआधीही ते बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावता येतात. स्वतःचे दूध पुरत नसेल आणि दुसऱ्या मातेचे दान केलेले दूध देऊ केले, तर घरच्यांनी नाक मुरडू नये: मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची पद्धत 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे रूढ झाली. आज ती सुसज्ज रुग्णालयांतही उपचाराचाच भाग आहे. बाळाला श्वासासाठी यंत्राचा आधार असला तरी बहुधा तसे धरता येते, म्हणून परवानगीची वाट न पाहता रोज विचारावे. वडिलांनीही धरावे.

भारतातल्या नातेवाइकांना रोज वजन कळवू नका. पहिल्या काही दिवसांत ते उतरतेच, आणि मग दहा जणांची समजूत काढणे तुमच्याच माथी येते. मामा किंवा आत्या, कोणा एकाला माहिती द्यावी आणि पुढे त्यांनीच सांगावे. 'सातमासी तगते, आठमासी नाही' या म्हणण्याला काहीही आधार नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. बारसे घरी आल्यावर करावे, परंतु पत्रिकेसाठी नाव फार लांबवू नये, कारण इंग्लंडमध्ये जन्मनोंदणी 42 दिवसांत करावी लागते. बाळ रुग्णालयात आहे म्हणून ती मुदत वाढत नाही.

आजीला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे की धुरी, बाळगुटी आणि मध या बाळाला चालणार नाहीत. धुराचा त्रास नाजूक फुप्फुसांना होतो, आणि मध तर पूर्ण दिवसांच्या बाळालाही वर्षाच्या आत देऊ नये. बसणे, रांगणे हे साधारण दोन वर्षांपर्यंत मूळ तारखेपासून मोजलेल्या वयाप्रमाणे पाहावे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, त्यामुळे आठव्या आठवड्याच्या लसी बाळ रुग्णालयात असतानाच देण्याची वेळ येईल. त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.