पातळ पत्र्याच्या टाकीत पंप

प्रश्न : जुन्या मोटारसायकलला इंधन इंजेक्शन (पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवतोय, पंप टाकीतच. टाकीचा पत्रा जेमतेम १ मिमी. पंपाची प्लेट सहा स्क्रूंनी आवळली, तरी पेट्रोल पाझरतं. सिलिकॉन लावू का?

उत्तर : नको. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. खरा दोष पत्र्याचा आहे. स्क्रूपाशी तो वर ओढला जातो, मधे खाली वाकतो. प्लेटखालचं गॅस्केट (गळती रोखणारा रबरी थर) सगळीकडे सारखं दाबलंच जात नाही. शिवाय १ मिमीत एम५ (५ मिमी व्यासाच्या) स्क्रूचा जेमतेम सव्वा आटा बसतो.

आतून ५ मिमी जाड पोलादी रिंग द्या. ती पंपाच्या भोकापेक्षा मोठी असणार, म्हणून एका जागी कापून तिरकी फिरवत आत घाला. रिंगला आटे पाडा, स्क्रू वरून. स्क्रूच्या डोक्याखाली सीलिंग वॉशर हवाच, नाहीतर पेट्रोल आट्यांतून वर चढतं. वाकलेला पत्रा आधी ठोकून सपाट करा. गॅस्केट नायट्राइल किंवा व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं, ३ मिमी. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा.

रिंग वेल्ड करण्याचा मोह टाळा. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. भोक पाडतानाही टाकी काढून, धुऊन, पाण्याने भरून घ्या. आणि हो, टाकीतली नळी पेट्रोलमध्ये बुडवून वापरायचीच घ्या. बाहेरची साधी नळी आत बुडून राहिली की मऊ पडते.