गाडीवाल्यांशी भांडण्याआधी

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून सायकल चालवू नकोस. नवे लोक भिडेपोटी तसं करतात आणि मागचा गाडीवाला जागा नसतानाही गाडी घासून पुढे काढतो. मीटरभर आत राहा. उभ्या गाड्यांजवळून जाताना तर नक्कीच; आत कुणी बसलंय का ते काचेतून बघ, दार कधीही उघडतं. वळणाऱ्या ट्रकच्या बगलेत शिरू नकोस, चालकाला तू दिसतच नाहीस. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना १.५ मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे, म्हणजे गाड्यांनी अंतर सोडावं ही तुझी मागणी अवाजवी नाही.

कुणी कट मारला तर राग येणारच. पण सिग्नलला गाठून काचेवर थापा मारू नकोस. नंबर टिपून घे, तक्रार कर. आणि सिग्नल तूही पाळ.