गुगेनहाइमला जाण्याआधी

चि. पोरी,

सप्रेम आशीर्वाद. न्यूयॉर्कच्या मुक्कामात गुगेनहाइम या कलासंग्रहालयासाठी दोन तास काढले आहेस, असं तू कळवलंस. दोन तासांत काही होत नाही. अर्धा दिवस ठेव. आणि त्यातला पहिला पाऊण तास चित्रांना देऊ नकोस, इमारतीला दे.

तिथे जाणारी पुष्कळ मंडळी फिफ्थ अॅव्हेन्यूवर उभं राहून फोटो काढतात, आत शिरल्यावर मान वर करून घुमटाचा काढतात, आणि मग भिंतीच्या कडेने चालू लागतात. इमारत बघून झाली, आता चित्रं, असा हिशोब. पण इथे मधल्या पोकळीभोवती गोल गोल फिरत जाणाऱ्या एकाच उताराच्या कडेने चित्रं लावलेली असतात, त्यामुळे ही फारकत करताच येत नाही. चित्र किती लांबून दिसावं, बघताना पायाखाली सपाट जमीन असावी की उतार, हे या इमारतीचा वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने आधीच ठरवून टाकलं आहे. १९४३ साली हे काम त्याच्याकडे आलं. इमारत लोकांसाठी उघडली ऑक्टोबर १९५९ मध्ये, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो गेला होता. इतकी वर्षं एखादा माणूस एका उतारासाठी भांडतो, तेव्हा तो उतार आपण पायांनी नीट समजून घ्यायला हवा.

राइटच्या मनात होतं की लोकांनी लिफ्टने थेट वर जावं आणि गोल गोल उतरत खाली यावं. आता प्रदर्शनं बऱ्याचदा खालून वर मांडलेली असतात. तू आधी लिफ्टने वर जा आणि एकाही चित्रापाशी न थांबता खाली ये. उतार बेताचाच आहे, पण तो तुला उभं राहू देत नाही, हे पोटऱ्यांना कळेल. आपल्याकडे प्रदक्षिणेत मधोमध गाभारा असतो. इथे मधोमध नुसता उजेड आणि पोकळी आहे, म्हणून नजर सारखी आत ओढली जाते. मग पुन्हा वर जा आणि आता चित्रं बघ.

भिंतीकडे विशेष लक्ष दे. ती सरळ उभी नाही, बाहेरच्या बाजूला कललेली आहे; सरळ भिंतीचे ९० अंश धरले तर ही ९७ अंशांत. ईझलवर, म्हणजे चित्र रंगवायच्या घोडीवर, कॅनव्हास किंचित मागे रेललेला असतो, तसंच चित्र भिंतीवर रेलावं, असं राइटचं म्हणणं. चित्रकारांना ते मुळीच पटलं नाही. १९५६ साली, इमारत पुरी व्हायच्या आधीच, २१ जणांनी विरोधाचं पत्र लिहिलं. विलेम डी कूनिंग आणि फ्रांझ क्लाइन त्यात होते. पुढे संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी धातूच्या दांड्यांवर चित्रं भिंतीपासून पुढे धरली. एखाद्या चौकटीच्या बाजूला जाऊन तिच्यामागे डोकावून बघ, चित्र आणि भिंत यांच्यात जागा सोडलेली दिसते का ते. दिसली, तर तो सगळा वाद त्या फटीत आहे असं समज. मला स्वतःला चित्रकारांची तक्रार खरी वाटते, आणि तरीही ही इमारत अशीच हवी होती असंही वाटतं.

कारण सांगतो. दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात तू चित्रासमोरून पुढे सरकलीस की ते चित्र संपलं. इथे पलीकडच्या वळणावर गेलीस की तेच चित्र पोकळीच्या पार दिसतं, कठड्याने खालून थोडं कापलेलं, तळहाताएवढं. जवळून जे रंगाचे थर वाटले होते, त्यांचं लांबून काय होतं? एखादं चित्र तिथूनही तग धरतं, एखादं विरून जातं. प्रत्येक आवडलेल्या चित्राची ही दुसरी भेट घेतल्याशिवाय वहीत काही लिहू नकोस. रचना म्हणजे काय, हे वर्गात मला तोंडाने सांगावं लागतं, तिथे डोळ्यांना दिसेल.

आणखी एक. आपल्या वासुदेव गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन याच संग्रहालयाने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये भरवलं होतं. नागपुरात जन्मलेला, १९४८ साली आपल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेला हा चित्रकार १९६४ मध्ये फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेला होता. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, आणि एवढं करून वर्षाकाठी मोजकीच चित्रं. तू ज्या जिन्यांवरून चढते-उतरतेस तिथलाच हा माणूस. तिथे बुजून जाऊ नकोस.

निघण्याआधी एका दुपारी इथे मुंबईत, काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जा. १९११ च्या कावसजी जहांगीर हॉलचं १९९६ मध्ये संग्रहालय झालं. जुन्या कवचात अर्धगोल मजले बसवले आहेत आणि सगळ्यात वर घुमटाखालचं दालन. वक्र भिंतीवरचं चित्र कसं बघायचं याचा सराव तिथे होईल.

गुगेनहाइममध्ये उतारावरून बाजूला निघणारं थानहाउझर संग्रहाचं दालन शेवटी बघ. पिकासोचं १९०४ चं ‘इस्त्री करणारी बाई’ तिथे लावलेलं असेल तर त्याच्यासमोर बराच वेळ थांब. नेहमीच्या दालनात आणि उतारावर बघताना तुझं उभं राहणं कसं बदललं, ते तिथेच पेन्सिलीने लिही. ते पान मला पाठव, फोटो नकोत.

तुझे,
सर