वाचकांचे प्रश्न : कॉफीचं भांडं आणि म्हशीचं दूध

गॅसवर ठेवायच्या मोका पॉटबद्दल, म्हणजे खालच्या भागातलं पाणी वाफेच्या दाबानं मधल्या पुडीतून वर चढवून कॉफीचा अर्क काढणाऱ्या भांड्याबद्दल, आलेल्या पत्रांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत.

मुलानं 'तीन कपी' मोका पॉट आणून दिला. कॉफी कडू जहर होते, अन् दूध घातलं की पाणचट. चुकतं कुठं? (दर्यापूर, जि. अमरावती)

कडूपणा आचेचा आहे, पाणचटपणा मापाचा. आधी माप. हे भांडं १९३३ साली इटलीत निघालं आणि त्यावरचा 'कप' तिथलाच, जेमतेम ४० मिलीचा. तीन कपी भांड्यातून साधारण ११० ते १२० मिली अर्क उतरतो. तो आपल्याकडच्या दोन कपांनाच पुरतो, तिसऱ्या पाहुण्याला पुन्हा भांडं चढवावं लागतं. एका कपाला ५५ मिली अर्क आणि १०० मिली दूध, यापुढे दूध वाढवू नका.

आता कृती. खालच्या भागाच्या कडेला बटणासारखा व्हॉल्व्ह असतो. पाणी त्याच्या खालीच राहिलं पाहिजे, म्हणजे सुमारे १५० मिली. गरम पाणी घेतलं तर वेळ वाचतो, मात्र मग बूड फडक्यात धरून फिरवा. मधल्या जाळीच्या वाटीत १५ ग्रॅम पूड काठोकाठ भरून बोटानं सपाट करा. दाबू नका, पाण्याला वाट राहत नाही. काठावर सांडलेले कण पुसून घ्या, नाहीतर वाफ आट्यांतून निसटते. वरचा भाग घट्ट बसवताना दांडीला धरून पिळू नका, ती तिथंच तुटते.

लहान बर्नर, मंद आच. ज्योत बुडाच्या बाहेर डोकावली की दांडी वितळायला लागते. भांडं स्टँडवर डुगडुगत असेल तर खाली पापड भाजायची जाळी ठेवा. झाकण उघडं ठेवून बघत राहा. चार-पाच मिनिटांत नळीतून अर्क काकवीसारखा संथ उतरू लागतो. त्याचा रंग फिका पिवळसर झाला आणि फुसफुस सुरू झाली की त्याच क्षणी उतरवा अन् बूड ओल्या फडक्यावर टेकवा. त्यानंतर पुडीतून वाफ जाते आणि नको तो कडूपणा ओढून आणते. तुमची कॉफी बहुधा याच शेवटच्या अर्ध्या मिनिटात बिघडते.

आणखी एक, दर्यापूर म्हणून. खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी यात घालू नका. उकळून त्यातलं मीठ जात नाही, कॉफी मचूळ लागते आणि खारं पाणी भांड्यात राहिलं तर ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. नळयोजनेचं गोडं पाणी किंवा आरओच्या कॅनचं पाणी घ्या.

दुकानातली फिल्टर कॉफी टाकली तर वर काहीच येईना आणि बाजूनं वाफ सुटली. भांडं फुटेल का? (आर्वी, जि. वर्धा)

वाफ सुटली म्हणजे व्हॉल्व्हनं आपलं काम केलं. गॅस बंद करा, भांड्याला हात लावू नका, पूर्ण गार झाल्यावरच उघडा. कुकरची शिस्त इथंही तीच.

कारण पुडीत आहे. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघा. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि जाळी बुजवते. बिनचिकोरीची पूड सगळ्यात बरी. चिकोरीशिवाय कॉफी घशाखाली उतरत नसेल तर कमीत कमी चिकोरीची घ्या आणि वाटी थोडी कमी भरा. पाण्यात विरघळणारी इन्स्टंट कॉफी मात्र या भांड्यात कधीच घालायची नाही. चिखलदऱ्याकडच्या भाजलेल्या बिया मिळाल्या तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. बोटांना बारीक रव्यासारखी लागली की पुरे. मैद्यासारखी झाली तर पुन्हा हाच प्रकार होईल.

घरी म्हशीचं दूध. कॉफी मिळमिळीत लागते, कधी दूध फाटतं, आणि हॉटेलसारखा फेस तर येतच नाही. (राळेगाव, जि. यवतमाळ)

म्हशीच्या दुधात साय भरपूर, ती कॉफीची चव झाकते. ८० मिली दुधात २० मिली पाणी घाला, फरक लगेच कळेल. कॉफी दुधात उकळायची नाही, ते वेगळं प्रकरण. दूध एकदा नीट उकळून, गार करून, साय काढून ठेवावं. कॉफीच्या वेळी गंजात पुन्हा तापवताना कडेला बारीक बुडबुडे आले आणि वाफ दिसली की उतरवा, सांडशी हाताशी असू द्या. एवढंच तापलेलं दूध गोड लागतं. पुन्हा उतू येईपर्यंत ठेवलं की शिजकट वास येतो.

फाटण्याचं मूळ आंबटपणात. कॉफी थोडी आम्ल असतेच, मे महिन्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत किंचित आंबलं असेल तर दोन्ही मिळून ते फाटतं. शंका असेल तर चमचाभर दूध आधी तापवून बघा. गार दुधावर उकळता अर्क ओतू नका. गूळ घालायचा असेल तर कॉफी पेल्यात ओतल्यावर, उकळत्या दुधात नाही.

फेसाचं म्हणाल तर हॉटेलच्या मशीनमध्ये ९ बारच्या आसपास दाब असतो, मोका पॉटमध्ये एक-दोन. त्यामुळे अर्काला फेस येणार नाही, दुधाला आणावा लागतो. गरम दुधात रवी अर्धी बुडवून २०-३० सेकंद घुसळा. साय राहिली असेल तर फेस बसतो, म्हणून ती आधी काढायची.

चुलीवर किंवा इंडक्शनवर चालेल का? (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

पेटत्या चुलीवर नको. निखारे ओढून पसरून त्यावर ठेवलं तर चालतं, फक्त दांडी निखाऱ्यांपासून दूर ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापतच नाही, त्यासाठी चुंबक चिकटेल अशा बुडाचं स्टीलचं घ्यावं लागेल.

राखेनं घासल्यावर भांडं काळं पडलं. (मोर्शी, जि. अमरावती)

राख आणि धुण्याचा सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला चालत नाहीत. अर्ध्या लिंबाचा रस आणि पाणी खालच्या भागात घालून, पूड न घालता एकदा गॅसवर चढवा, ते पाणी फेकून द्या, मग साध्या पाण्याचा एक घाणा काढा. पुढं रोज गरम पाण्यानं धुऊन, पुसून, भाग सुटे ठेवून वाळवा. आतलं रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर तेही आताच बदलून घ्या, नेताना भांड्याचा वरचा भाग सोबत न्या. मापात एक मिलीमीटरचा फरक पडला तरी वाफ गळते.